नवी वसाहत आणि पावसाच्या पाण्याचा हिशेब

मृगाची चाहूल लागली म्हणजे गोव्यातील शेतकरी बांधांच्या डागडुजीला लागतो, घरमालक कौले परतून घेतात आणि ग्रामपंचायती रस्त्याकडेची गटारे उपसू लागतात. पावसाळ्याची ही पूर्वतयारी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. तथापि अलीकडे अनेक गावांतून एक तक्रार वारंवार ऐकू येते. ज्या शेतात, ज्या अंगणात, ज्या रस्त्यावर पूर्वी कधी पाणी साचत नसे, तेथे आता तासाभराच्या पावसानेही ते साचू लागले आहे. आणि त्याच गावातील विहिरी मात्र एप्रिल महिन्यातच तळ गाठू लागल्या आहेत. पावसाळ्यात पाण्याचा अतिरेक आणि उन्हाळ्यात त्याची टंचाई, या वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या दोन अडचणींचे मूळ पुष्कळ ठिकाणी एकच असते. डोंगरमाथ्यावर आणि उतारावर जी नवी बांधकामे उभी राहतात, त्यांच्यावर पडणाऱ्या पावसाच्या पाण्याचा हिशेब कोणीच ठेवलेला नसतो.

घर बांधू नये, वस्ती वाढू नये, असे या लेखात सुचवावयाचे नाही. वाढत्या लोकसंख्येस निवारा हवा, शाळा हव्यात, दवाखाने हवेत. परंतु बांधणाराने आपल्या जागेत पडणारे पाणी शेजाऱ्याच्या दारात लोटून देऊ नये. बांधकामापूर्वी त्या जागेतून जेवढे पाणी जेवढ्या वेगाने बाहेर पडत होते, त्याहून अधिक पाणी बांधकामानंतर बाहेर पडता कामा नये, एवढेच सूत्र येथे मांडावयाचे आहे. हे सूत्र पाळणे कठीण नाही व फारसे खर्चाचेही नाही. मात्र त्यासाठी घराच्या आराखड्याबरोबरच पाण्याचाही आराखडा करावा लागतो.

पाण्याचा जुना मार्ग

गोव्यात वर्षाकाठी सरासरीने सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. एवढा पाऊस पेलण्याची व्यवस्था निसर्गाने आणि आपल्या पूर्वजांनी मिळून केलेली आहे. ती समजून घेण्यासाठी एखाद्या गावाचा माथ्यापासून नदीपर्यंतचा उतार डोळ्यांसमोर आणावा.

सर्वांत वर जांभ्या दगडाचा सडा असतो. वरून तो कठीण व ओसाड दिसला तरी जांभा सच्छिद्र असतो, त्यात भेगा व कपारी असतात. पावसाचे पाणी सड्यावरील खळग्यांत साचते, भेगांतून आत उतरते आणि खालच्या शेडीसारख्या चिकण थरापर्यंत पोहोचल्यावर आडवे वाहू लागते. हेच पाणी पुढे डोंगराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने प्रकट होते. कुळागरांना बारमाही पाणी मिळते ते याच झऱ्यांमुळे. गावच्या तळ्या व विहिरीही यांच्याच आधाराने टिकतात.

सड्याखाली उतार येतो. तेथील काजू, आंबा, फणस आणि रानझाडे पावसाचा मारा पानांवर झेलतात. पालापाचोळ्याचा थर पाण्याचा वेग मोडतो, मुळे माती धरून ठेवतात. उतारावर वाहणारे पाणी ओहोळात, म्हणजे गावच्या बोलीतील व्हाळात, सावकाश जमा होते. त्याखाली वाडा, माडांची भाटे आणि अगदी तळाशी भातशेती व खाजन जमीन असते. माथ्यावर पडलेले पाणी या साऱ्या पायऱ्या उतरून नदीस मिळेपर्यंत बराच काळ जातो, आणि वाटेत त्याचा मोठा भाग जमिनीत मुरतो. पुराचे भय कमी राहण्याचे व उन्हाळ्यात विहिरीस पाणी राहण्याचे रहस्य या विलंबात आहे.

जुन्या घरांच्या रचनेतही हीच दृष्टी दिसते. कौलारू छपराच्या पागोळ्या अंगणाच्या कडेला पडत, तेथून चिऱ्यांच्या पन्हळीने पाणी माडांच्या आळ्यांत जाई आणि उरलेले परसातून शेतात उतरे. अंगण सारवलेले असले तरी त्याभोवतीची जमीन उघडी असे.

बांधकामाने काय बदलते

सड्यावर किंवा उतारावर वसाहत उभी राहते तेव्हा या व्यवस्थेत चार बदल एकाच वेळी होतात. झाडी जाते, माती दाबली जाते, जमिनीचा मोठा भाग छप्पर, काँक्रीट व डांबर यांखाली झाकला जातो, आणि पाणी नळ्या व गटारांतून सरळ खाली नेले जाते. परिणामी मुरणारे पाणी घटते, वाहणारे वाढते व त्याचा वेगही वाढतो. तिन्ही गोष्टी हानिकारक आहेत. तथापि वेगाची वाढ विशेष धोक्याची होय, कारण पूर्वी जे पाणी चार-पाच तासांत विभागून येत असे, ते आता एकाच तासात पायथ्याशी येऊन आदळते.

आकड्यांच्या साहाय्याने हे अधिक स्पष्ट होईल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी पडते. हे प्रमाण प्रत्येकाने लक्षात ठेवावे. या हिशेबाने २०० चौरस मीटरच्या छपरावर १०० मिलिमीटर पावसाचे २० हजार लिटर पाणी पडते. आणि गोव्याच्या एका पावसाळ्यात त्याच छपरावरून सुमारे ६ लाख लिटर पाणी उतरते.

आता १००० चौरस मीटरचा एक भूखंड घेऊ. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्यावर ५० हजार लिटर पाणी पडेल. जागेवर झाडी व मोकळी माती असताना, समजा, त्यातील तीन दशांश भाग वाहून जात होता; म्हणजे १५ हजार लिटर. इमारत, वाहनतळ व फरसबंदी झाल्यावर आठ दशांश भाग वाहू लागतो. म्हणजे ४० हजार लिटर. एका भूखंडाने एका तासात २५ हजार लिटर अधिक पाणी खाली पाठविले. जुलैमध्ये जमीन भिजून संपृक्त झाल्यावर मोकळ्या जागेतूनही अधिक पाणी वाहते व हा फरक काहीसा कमी होतो, हे खरे. पण फरक उरतोच, आणि वेगातील फरक तर कायमच राहतो.

एका भूखंडाचे २५ हजार लिटर पाणी कोणाच्या लक्षातही येणार नाही. परंतु अशा ४० भूखंडांची वसाहत झाली म्हणजे अधिक पाण्याचा आकडा १० लाख लिटरवर जातो. हे पाणी एक हेक्टर शेतात सोडले तर त्यात १० सेंटिमीटर उंचीचा थर साचतो. प्रत्येक घरमालक प्रामाणिकपणे म्हणू शकतो की, माझ्या एका घराने काय होणार? पायथ्याच्या शेतकऱ्याला मात्र चाळीस घरांचे पाणी एकदमच भेटते.

खाजनाच्या दारी

गोव्यात या प्रश्नास एक विशेष अंग आहे, ते खाजन जमिनींचे. मांडवी, जुवारी व इतर नद्यांच्या खाड्यांलगत सुमारे १८ हजार हेक्टर जमीन अनेक शतकांपूर्वी बांध घालून भरतीच्या पाण्यापासून मुक्त करण्यात आली. गावकरी संस्थांनी ही व्यवस्था उभारली व दीर्घकाळ सांभाळली. कोरगुटासारखे क्षार सोसणारे भात येथे पिकते, आणि मानशीजवळच्या पोंयीत म्हणजे खोलगट जलाशयात मासळी मिळते.

या व्यवस्थेचा प्राण म्हणजे मानस. बांधातील या दरवाजाच्या फळ्या अशा बसविलेल्या असतात की, बाहेर भरती चढू लागली म्हणजे पाण्याच्या दाबाने त्या मिटतात आणि ओहोटी लागून बाहेरची पातळी आतल्याहून खाली गेली म्हणजे उघडतात. साधारण सव्वासहा तासांनी भरती-ओहोटी पालटते. म्हणजेच दिवसातून दोन वेळा काही तास असे येतात की, आतील पाण्यास बाहेर जाण्याचा मार्ग नसतो. या काळात डोंगरावरून येणारे सर्व पाणी आतच, पोंयीत व शेतांत, थांबावे लागते.

येथे शेत हे केवळ पीक घेण्याचे ठिकाण राहत नाही. ते गावाचे पाणी थोपविणारे भांडारही असते. एक हेक्टर शेतात १५ सेंटिमीटर पाणी उभे राहिले, तर १५ लाख लिटर पाणी तेथे सामावते. कोणतीही पंचायत एवढी टाकी बांधू शकणार नाही. आणि येथे ती फुकट उपलब्ध आहे. अशा एका हेक्टरवर माती टाकून भराव केला, तर ते १५ लाख लिटर पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या शेतात, त्याहून पुढे वाड्यातील घरांत जागा शोधते. वर सड्यावर वसाहत व खाली शेतात भराव, असे एकाच गावात घडले म्हणजे येणारे पाणी वाढते आणि ते ठेवण्याची जागा घटते. अतिवृष्टी व मोठी भरती यांची गाठ पडल्यास मग संकट टळत नाही.

आत पाणी अतोनात तुंबले म्हणजे लहान बांधांवरून ते वाहू लागते, बांधाची माती खचते, मानशीच्या भोवतालची भर वाहून जाते. बाहेरच्या बांधास भगदाड पडले तर खारे पाणी शेतात शिरते व पुढील काही हंगाम जमीन पिकास निकामी होते. डोंगरावरील चाळीस घरांनी न केलेल्या खर्चाचा भार अशा रीतीने पायथ्याच्या कुळांवर पडतो.

शहरेही यातून सुटलेली नाहीत. पणजीचा बराचसा भाग मांडवीकाठच्या सखल व भराव घातलेल्या जमिनीवर वसलेला आहे. आल्तिनोच्या टेकडीवरून उतरणारे पाणी मळा, फोंताइन्यास यांसारख्या पायथ्याच्या भागांकडे धाव घेते, आणि भरतीच्या वेळी नदीकडे जाणारी त्याची वाट मंदावते. खाजनात जे घडते तेच येथे फरसबंदीवर घडते, एवढेच.

गटार मोठे केल्याने भागते काय?

पाणी तुंबले की गटार रुंद करण्याची व मोरी मोठी बसविण्याची मागणी होते. काही ठिकाणी ती योग्यही असते. परंतु गटार पाणी नाहीसे करीत नाही, ते केवळ पुढे पोहोचविते. वरच्या वाड्याचे गटार मोठे केले म्हणजे खालच्या वाड्यात पाणी अधिक लवकर पोहोचते. शेवटी मानशीचे दार तेवढेच राहते व भरतीही तेवढीच राहते.

या बाबतीत मुंबईचा अनुभव बोधप्रद आहे. तेथील जुन्या पर्जन्यजलवाहिन्यांची रचना ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि त्यातील निम्मे पाणी जमिनीत मुरेल, या गृहीतकावर झालेली होती. शहर वाढत गेले, मोकळी जमीन झाकली गेली आणि निम्मे पाणी मुरण्याचे गृहीतक कोलमडले. १९९३ मधील बृहन्मुंबई पर्जन्यजल निस्सारण अहवालात ही क्षमता दुप्पट करण्याची शिफारस होती. पुढे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या वेळी झालेली प्राणहानी व वित्तहानी सर्वांच्या स्मरणात आहे. एवढा पाऊस कोणत्याच गटारात मावला नसता, हे मान्य केले तरी त्यानंतर भरतीच्या वेळी पाणी समुद्रात उपसून टाकण्यासाठी मोठी उदंचन केंद्रे उभारण्यावर त्या शहरास प्रचंड खर्च करावा लागला. जमीन झाकण्यापूर्वी पाण्याचा विचार करणे पुष्कळ स्वस्त पडते, हा त्यातील धडा आहे.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये शहरी पुरांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही पर्जन्यजलाची आखणी वॉर्डाच्या वा गावाच्या हद्दीनुसार न करता पाणलोट क्षेत्रानुसार करावी आणि प्रत्येक इमारतीत पर्जन्यजल संचयाची सोय अंगभूत असावी, असे सांगितले आहे.

तीन उपाय : मुरविणे, थोपविणे, साठविणे

आपल्या जागेतील पाण्याची व्यवस्था तीन प्रकारे करता येते. तिन्हींचे काम वेगळे आहे. त्यांची गल्लत केल्यामुळे अनेकदा खर्च होऊनही उपयोग होत नाही.

पहिला उपाय मुरविण्याचा. जागेचा शक्य तितका भाग उघडा ठेवावा. वाहनतळ व पाऊलवाटेसाठी सलग काँक्रीट न ओतता वाळूच्या थरावर चिरे बसवून त्यांच्या सांध्यांत गवत वाढू द्यावे. बाजारात मिळणाऱ्या सिमेंटच्या ठोकळ्यांची फरसबंदी पाणी मुरविते, असा समज आहे. परंतु तिच्या खाली काँक्रीटचा थर घातला असेल तर तीतून काहीही मुरत नाही. छपराचे पाणी प्रथम गाळणकुंडीतून व नंतर शोषखड्ड्यात न्यावे. शोषखड्ड्याच्या मापाविषयी एक सूचना आवश्यक आहे. दगडगोट्यांनी भरलेल्या खड्ड्यात पाण्यासाठी निम्म्याहूनही कमी जागा उरते. दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद व दोन मीटर खोल खड्डा साडेचार घनमीटरचा दिसला, तरी भरावानंतर त्यात सुमारे दोन हजार लिटरच पाणी मावते. म्हणून केवळ एक खड्डा खणून समाधान मानू नये. हिशेब करून संख्या ठरवावी. शोषखड्डा शौचालयाच्या टाकीपासून व पिण्याच्या विहिरीपासून पुरेसा दूर असावा आणि त्यात सांडपाणी कदापि सोडू नये.

दुसरा उपाय थोपविण्याचा. नदीकाठी, खाजनालगत व किनाऱ्याच्या वाळूत जुलैमध्ये भूजल जमिनीच्या अगदी जवळ आलेले असते. तेथे शोषखड्डा पाण्यानेच भरलेला राहतो. अशा जागी थोपटाकी उपयोगी पडते. तिच्या तळाशी लहान नळी असते व वर सांडव्याची सोय असते. जोराच्या पावसात पाणी टाकीत चढते आणि लहान नळीतून सावकाश बाहेर पडते. वर घेतलेल्या भूखंडाच्या उदाहरणात २५ हजार लिटर पाणी थोपवावयाचे आहे. त्यासाठी पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद व एक मीटर खोल टाकी पुरेल. दोन इंची आखूड नळीतून, तिच्यावर अर्धा ते एक मीटर पाणी असताना, सेकंदाला साधारण चार ते पाच लिटर पाणी बाहेर पडते. मोकळ्या जमिनीवरून पूर्वी तेवढेच पाणी बाहेर पडत होते. पाऊस थांबल्यावर अडीच-तीन तासांत ही टाकी रिकामी होऊन पुढच्या सरीस तयार राहते. पाणी साचून राहत नसल्याने डासांची पैदासही होत नाही. नळीच्या तोंडाशी जाळी बसवावी आणि ती आठवड्यातून एकदा साफ करावी. वाहनतळाखाली किंवा बागेतील उथळ खळग्याच्या रूपानेही अशी सोय करता येते.

तिसरा उपाय साठविण्याचा. छपराचे पाणी टाकीत साठवून वापरणे केव्हाही हितावह आहे. मात्र साठवणीची टाकी जूनमध्येच भरून जाते, आणि भरलेली टाकी जुलैच्या पावसातील एक लिटर पाणीही रोखू शकत नाही. म्हणून ‘आम्ही टाकी बांधली आहे’ एवढ्याने खालच्या शेजाऱ्याचा प्रश्न सुटत नाही. साठवण उन्हाळ्यासाठी आणि थोपवण पावसाळ्यासाठी, हा भेद ध्यानी घ्यावा.

उतारावरील दक्षता

डोंगरउतारावर सरसकट पाणी मुरविणे योग्य नाही, हेही येथे स्पष्ट करणे अगत्याचे आहे. घरासाठी उतार उभा कापला असेल, तर कापलेल्या कडेच्या वर शोषखड्डा खणल्याने आतील चिकण थर भिजून घसरण्याचा संभव असतो. अशा ठिकाणी पाणी कडेपासून दूर, पक्क्या पन्हळीने पायऱ्यापायऱ्यांनी खाली आणावे आणि सपाट जागी मुरवावे अथवा थोपवावे. संरक्षक भिंतीस पाणी झिरपून जाण्यासाठी भोके ठेवावीत व ती बुजू देऊ नयेत. भिंतीमागे तुंबलेल्या पाण्याचा दाब तिला ढकलतो आणि पुष्कळ भिंती त्यामुळेच कोसळतात. कुंपणाची भिंत ओहोळाच्या मार्गात आडवी घालणे तर सर्वथा टाळावे. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा व्हाळ पावसाळ्यात आपली वाट सोडीत नाही.

काम चालू असताना

बांधकामामुळे होणारी हानी घर पूर्ण झाल्यावरच सुरू होते, असे नाही. पहिला पावसाळा सर्वांत वाईट असतो. खोदलेली माती उघडी पडलेली असते आणि पहिल्याच जोरदार सरीबरोबर तांबडा गाळ गटारांत, शेतांत व पोंयीत उतरतो. गाळाने पोंय उथळ झाली की तिची पाणी सामावण्याची शक्ती कमी होते व मासळीचे उत्पन्नही घटते. म्हणून डोंगरकापणी व भूमी सपाटीकरण ऑक्टोबर ते मे या काळातच उरकावे. मातीचे ढीग ताडपत्रीने झाकावेत. खालच्या हद्दीलगत झाडाझुडपांचा पट्टा न तोडता राखावा, आणि पाणी बाहेर पडते तेथे गाळ बसण्यासाठी कुंड खोदून ते वेळोवेळी उपसावे. यासाठी कोणत्याही महागड्या सामग्रीची आवश्यकता नाही.

पंचायत आणि नागरिक यांचे कर्तव्य

गोव्याच्या नगर व ग्राम नियोजन कायदा, १९७४ मधील कलम १७-अ अन्वये डोंगराळ जमीन कापण्यास वा सखल जमिनीत भराव घालण्यास मुख्य नगर नियोजकांची पूर्वलेखी परवानगी आवश्यक आहे. विनापरवाना भराव दिसताच ग्रामस्थांनी वेळीच लेखी तक्रार करावी. भराव पूर्ण झाल्यावर तो काढणे किती दुष्कर असते, हे सर्वज्ञात आहे.

बांधकामाचा अर्ज विचारात घेताना पंचायतीने पुढील पाच प्रश्न आवर्जून विचारावेत. जागेतील किती चौरस मीटर क्षेत्र झाकले जाणार? छपराचे व अंगणाचे पाणी नेमके कोठे सोडले जाणार? ते ज्या गटारात वा ओहोळात जाणार, त्याची पुढची वाट नदीपर्यंत मोकळी आहे काय? मानस बंद असताना हे पाणी कोठे थांबणार? आणि शोषखड्डे, टाक्या व जाळ्या यांची निगा पुढे कोण राखणार? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. नकाशावर दाखविलेला शोषखड्डा प्रत्यक्षात खणला गेला किंवा कसे, आणि खणलेला पाच वर्षांनी गाळाने बुजला किंवा कसे, हे पाहणारे कोणी नसेल तर नियमांचा उपयोग होत नाही. गृहनिर्माण सोसायट्यांनी दरवर्षी मे महिन्यात पाहणी करून तिची नोंद ठेवावी.

ज्यांची घरे आधीच उभी आहेत, त्यांनाही बरेच करता येईल. छपराची नळी रस्त्याच्या गटारात सोडली असल्यास ती बागेकडे वळवावी. अंगणातील अनावश्यक काँक्रीट काढून टाकावे. फाटकासमोर वाहनासाठी उतार करताना रस्त्याकडेचे गटार बुजविले असेल तर ते मोकळे करावे. अशा एका उतारामुळेही अख्ख्या वाड्याचे पाणी रस्त्यावर येते.

शाळांचा वाटा

शिक्षकांनी हा विषय वर्गाबाहेर शिकवावा, अशी त्यांना विनंती आहे. सरळ कडांचा एक रिकामा डबा शाळेच्या मोकळ्या पटांगणात, झाडे व छपरे यांपासून दूर ठेवावा. रोज सकाळी ठराविक वेळी त्यातील पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून फळ्यावर लिहावी व डबा रिता करावा. शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ मुलांकडून मोजवून घ्यावे. दोन्ही आकड्यांचा गुणाकार म्हणजे त्या दिवशी शाळेच्या छपरावर पडलेले लिटरभर पाण्याचे माप होय. हे पाणी पन्हळीतून उतरून पुढे कोठे जाते, त्याचा माग मुलांनी शेवटपर्यंत काढावा आणि वाटेतील गटारे, मोऱ्या, शेते व मानस यांचा नकाशा तयार करावा. अशा नोंदी काही वर्षे सातत्याने ठेवल्या गेल्या, तर त्या पंचायतीसही उपयोगी पडतील.

डोंगरमाथ्यावरचा रहिवासी आणि पायथ्याचा शेतकरी एकमेकांस ओळखत नसतील. परंतु पावसाच्या पाण्याने ते एकमेकांशी बांधले गेले आहेत. वरच्याने पाणी सावकाश सोडले तर खालच्याचे शेत वाचते. आणि वरच्याने मुरविलेले पाणीच उन्हाळ्यात पायथ्याच्या झऱ्याला व गावच्या विहिरीला येते, जिच्यावर पुष्कळदा नव्या वसाहतीचे टँकरही अवलंबून असतात. वरचे पाणी नैसर्गिकपणे येईल तेवढे खालच्याने घ्यावे व वरच्याने त्याचा भार वाढवू नये, हा न्याय आपल्या गावांना नवा नाही. नवीन घराचा पाया भरताना त्याची आठवण ठेवली जावी आणि पाण्याचा हिशेब पाया भरण्यापूर्वीच मांडला जावा, एवढीच अपेक्षा.